पत्ता देणारी भाषा

‘मी एस्पेरांतो शिकते आणि शिकवते’ असं सांगितलं की इंदुरात समोरच्याचा चेहरा जरा सावध होतो. हळदीकुंकवात, बँकेत जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मामींशी बोलताना, सगळीकडे हाच अनुभव. मी सांगते की ही पोलंडमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी तयार केलेली भाषा आहे, १८८७ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली, दोन देशांच्या माणसांना मधोमध भेटता यावं म्हणून. इतकं ऐकेपर्यंत समोरच्यानं एस्पेरांतोला अंकशास्त्र आणि चुंबकचिकित्सेच्या शेजारी नेऊन ठेवलेलं असतं. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘पण ही कुठल्या देशात बोलतात?’ आणि कुठल्याच देशाची नाही म्हटलं की विषय मुलांच्या परीक्षांवर जातो.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. ही भाषा ज्यांना खरोखर आनंद देईल अशी माणसं त्याच पंगतीत बसलेली असतात, आणि ती या एका प्रश्नापाशी थांबून परत जातात. म्हणून गेली काही वर्षं मी या गोष्टीचा विचार करते आहे, की साधी, संसारी, वेळ मोजून वापरणारी माणसं या भाषेकडे यावीत कशी.

विक्षिप्तपणाचा शिक्का हवेतून पडलेला नाही. हिरवा तारा लावलेले बिल्ले, हिरवे झेंडे, स्वतःचं गीत, जगाच्या शांततेची भाषणं: बाहेरून बघणाऱ्याला हा एखादा पंथ वाटला तर त्याचा दोष नाही. ही काळजी भाषेइतकीच जुनी आहे. १९०५ साली फ्रान्समध्ये बूलोन-स्युर-मेर इथं पहिलं जागतिक संमेलन भरलं, ६८८ माणसं आली. ही भाषा तयार करणारे ते डॉक्टर, लुडविक झामेनहॉफ, तिथं स्वतः लिहिलेली एक प्रार्थना म्हणणार होते. तिच्या शेवटच्या कडव्यात ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान यांना एकाच देवाची लेकरं म्हटलं होतं. फ्रेंच संयोजकांना धास्ती वाटली की लोक आपल्याला गूढवादी समजतील. ते कडवं गाळायला लावलं गेलं, आणि झामेनहॉफ यांनी प्रार्थना त्याविना म्हटली.

मला हा प्रसंग फार अस्वस्थ करतो, कारण मला दोन्ही बाजू पटतात. बियालिस्तोकमध्ये रशियन, पोल, जर्मन आणि ज्यू एकमेकांकडे संशयानं बघत असलेल्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला ते कडवं गाळताना काय वाटलं असेल! आणि तरीही संयोजकांना माणसं हवी होती, प्रार्थना ऐकायला आलेली नव्हे, भाषा वापरायला आलेली. त्याच संमेलनात एक जाहीरनामा मंजूर झाला. त्याचा आशय असा की जो ही भाषा जाणतो आणि वापरतो तो एस्पेरांतिस्त, मग तो ती कशासाठीही वापरो. व्यापारासाठी, तिकिटं जमवण्यासाठी, प्रेमपत्रांसाठी, काहीही चालेल. मला वाटतं, सामान्य माणसासाठी उघडं ठेवलेलं याहून मोठं दार या चळवळीत दुसरं नाही, आणि आपण एस्पेरांतोवाले त्या दारातच उभं राहून विश्वबंधुत्वाची भाषणं देत राहतो. आत यायला जागाच उरत नाही.

त्या विश्वबंधुत्वाची किंमत माणसांनी मोजली आहे, हेही इथं सांगायला हवं. स्टालिनच्या काळात, १९३७-३८ साली, सोव्हिएत संघातल्या अनेक एस्पेरांतिस्तांना गोळ्या घातल्या गेल्या किंवा छावण्यांत धाडलं गेलं. झामेनहॉफ यांच्या तिन्ही मुलांना नाझींनी मारलं, दोघींना त्रेब्लिंकाच्या छावणीत. हे ज्याला माहीत आहे तो हिरव्या ताऱ्याला हसणार नाही. पण ही गोष्ट पहिल्या भेटीत सांगायची नसते. ती नंतर कळते, आणि तेव्हा ती आपल्या घरातली म्हणून कळते.

‘कुठल्या देशात बोलतात’ या प्रश्नाकडे परत येते, कारण इंदूरच्या मराठी माणसानं हा प्रश्न विचारावा याचं मला नवल वाटतं. आपली मराठी इथं कुठल्या देशाच्या जोरावर टिकली आहे? होळकरांच्या राज्यात मराठी दरबाराची होती, मोडीतले कागद होते, ते दिवस गेले. आज इंदुरात मराठीवाचून कुणाचं काही अडत नाही. शाळा इंग्रजी, बाजार हिंदी, कचेरी हिंदी, कोचिंगचे वर्ग इंग्रजी-हिंदी. मराठी आली नाही म्हणून राजेंद्रनगरातल्या मुलाची नोकरी जात नाही. तरीही ती रामबागेत ऐकू येते, लोकमान्यनगरात ऐकू येते, गणपतीत आरतीनंतर अर्धा तास रस्त्यावर उभ्या असलेल्या बायकांत ऐकू येते. तिच्यात हिंदी मिसळली आहे, पुण्याचे पाहुणे तिच्यावर हसतात, पण ती आहे. ती राहिली ती दर पिढीत काही माणसांनी ती बोलायची ठरवली म्हणून.

आणि कशामुळे ठरवली? ‘मातृभाषेचा अभिमान बाळगा’ ही व्याख्यानं मी लहानपणापासून ऐकत आले. त्या व्याख्यानांमुळे मराठी बोलू लागलेलं एकही मूल मला आठवत नाही. मुलं मराठी बोलतात ती आजीशी बोलायचं असतं म्हणून. नाटकात छोटी का होईना भूमिका मिळाली म्हणून. नागपूरच्या मावसबहिणीशी रात्री गप्पा मारायच्या असतात म्हणून. माझी भाची बारावीपर्यंत मराठी टाळायची. मग मंगळागौरीच्या खेळांत तिला घेतलं आणि गाण्यांसाठी तिनं वहीत देवनागरीत ओळीच्या ओळी उतरवून घेतल्या. कुणी तिला भाषेचं महत्त्व सांगितलं नव्हतं. तिला त्या बायकांत उभं राहायचं होतं.

एस्पेरांतोही अशीच राहिली आहे, आणि तिच्या पहिल्या दोन वर्षांतच हे सिद्ध झालं होतं. झामेनहॉफ यांनी १८८७ च्या पहिल्या पुस्तिकेत कापून पाठवायच्या चिठ्ठ्या छापल्या होत्या. त्यावर लिहिलं होतं, की एक कोटी माणसांनी असंच वचन जाहीरपणे दिलं तर मी ही भाषा शिकेन. किती समजूतदार कल्पना! सामान्य माणसाच्या मनातली अडचण त्यांनी नेमकी ओळखली होती: बाकीचे शिकले तर मी शिकतो, एकट्यानं कशाला वेळ घालवू. पण एक कोटी चिठ्ठ्या कुठून येणार? आल्या हजाराच्या आसपास. काहींनी तर अट खोडून ‘मी बिनशर्त शिकतो’ असं कळवलं. मग १८८९ साली झामेनहॉफ यांनी भाषा शिकलेल्या १००० माणसांची नावं आणि पत्ते छापायला काढले. भाषा जिवंत झाली ती त्या पत्त्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे. मॉस्कोतल्या शिक्षकाला आता न्युरेम्बर्गच्या वाचकाला पत्र टाकता येत होतं. एक कोटींची वाट बघायचं कारण उरलं नाही, कारण पत्र लिहायला एकच माणूस पुरतो.

पुढची वर्षं बघितली तर जिथं जिथं साधी माणसं या भाषेत आली तिथं हाच धागा दिसतो. १९०४ पासून अंधांसाठी ब्रेलमध्ये एस्पेरांतो मासिक निघतं, कारण दुसऱ्या देशातल्या अंध माणसाशी बोलायला त्यांना दुसरी वाट नव्हती. १९०८ साली हेक्टर होडलर नावाच्या विशीतल्या मुलानं जिनिव्हात जागतिक एस्पेरांतो संघटना उभी केली ती गावोगावच्या प्रतिनिधींची यादी करून: परक्या गावात उतरलात तर या माणसाकडे जा, तो हॉटेल सांगेल, डॉक्टर सांगेल, गाडीची वेळ सांगेल. पहिलं महायुद्ध पेटलं आणि शत्रुदेशांमधली टपाल बंद पडली, तेव्हा याच जाळ्यातून जिनिव्हामार्गे घरच्यांची पत्रं एकमेकांना पोचवली गेली. १९७४ पासून ‘पास्पोर्ता सेर्वो’ नावाची यजमानांची यादी निघू लागली. प्रवाशाला एस्पेरांतो येत असेल तर त्या घरी फुकट मुक्काम. इंटरनेटवर अनोळखी घरी राहण्याची सोय येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

म्हणून कुणी नवीन आलं की मी त्याला भाषेबद्दल फार सांगत नाही. मी विचारते, तुम्हाला कशात रस आहे? स्वयंपाक, शिवण, क्रिकेट, आगगाड्या, पक्षी, काहीही. मग तोच रस असलेला एक परदेशी माणूस शोधायला बसते. ते सापडतं. एस्पेरांतो बोलणाऱ्यांच्या संख्येवर वाद आहेत, लाखाच्याही आतल्या आकड्यापासून वीस लाखांपर्यंत अंदाज केले जातात, पण ही माणसं उत्तर देणारी असतात. इंग्रजीत एखाद्या अनोळखी माणसाला पत्र टाकलं तर त्याला त्याचं अप्रूप नसतं. एस्पेरांतोत टाकलं तर तो दुसऱ्या दिवशी लिहितो, कारण त्यानंही ही भाषा कुणीतरी पत्र टाकावं म्हणूनच शिकलेली असते.

आमचा वर्ग रविवारी सकाळी शेजारच्या काकूंच्या पुढच्या खोलीत भरतो. आधी पोहे, वर जिरावन आणि शेव, मग चहा, आणि चहा हातात आल्यावर पहिलं वाक्य: ‘मी त्रिंकास तेओन.’ मी चहा पितो. किंवा पिते. एस्पेरांतोतही ‘मी’ म्हणजे मीच, हे ऐकल्यावर माणसं खुर्चीत सरसावून बसतात. ‘त्रिंकिस’ म्हटलं की काल प्यायलो, ‘त्रिंकोस’ म्हटलं की उद्या पिईन. बोलणारा पुरुष असो की बाई, एक असो की दहा, क्रियापद बदलत नाही आणि अपवाद एकही नाही. पहिल्या दिवशी घरी जाताना माणसाच्या खिशात तीन काळ असतात. ज्यानं आयुष्यभर इंग्रजीच्या ‘गो-वेन्ट’नं मान खाली घातली आहे, त्याला पहिल्याच दिवशी न चुकता बोलता आलं की त्याचा चेहरा कसा होतो ते बघायला तरी कुणी यावं.

सगळ्यात मोठा आनंद ४५ शब्दांच्या तक्त्याचा. युरोपातल्या शिकणाऱ्यांना हा तक्ता जड जातो असं ऐकलंय, पाठ करावा लागतो. आमच्याकडे मी फळ्यावर लिहिलं: किआम, तिआम. मग किए, तिए. मग किआ, तिआ. मग किओम, तिओम. काकू चष्मा वर करून बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अगं, हे तर आपलं केव्हा-तेव्हा आहे! कुठे-तिथे, कसा-तसा, किती-तितका!’ आणि खरंच तसंच आहे. ‘क’नं प्रश्न, ‘त’नं उत्तर. मराठी माणूस हे जन्मापासून करतो, त्याला फक्त दाखवून द्यायचं असतं. पुढे झामेनहॉफ यांनी तीच शिस्त शेवटापर्यंत नेली: ‘च’ लावला की सगळं, चिआम म्हणजे नेहमी, चिए म्हणजे सगळीकडे; ‘नेन’ लावलं की काहीच नाही, नेनिआम म्हणजे कधीच नाही, नेनिए म्हणजे कुठेच नाही. काकूंनी तो तक्ता मराठीसकट एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला. डुओलिंगोवर २०१५ पासून इंग्रजीतून एस्पेरांतो शिकता येते, तरुण मुलांना ती वाट उत्तम आहे. पण काकूंना इंग्रजीतून काही शिकायचा उत्साह नाही, आणि इंग्रजीतून शिकवलं असतं तर हा तक्ता त्यांच्या हाती असा आला नसता. ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेतून शिकवलं पाहिजे. हे एक काम आपण मराठीवाल्यांनी अजून केलेलंच नाही. नीट मराठी पाठ्यपुस्तक हवं, आपल्या उदाहरणांचं, आपल्या चुकांचा विचार करून लिहिलेलं.

आपल्या चुकाही वेगळ्या असतात. ज्याच्यावर क्रिया होते त्या शब्दाला एस्पेरांतोत ‘न’ लागतो. आमच्या वर्गात माणसांना तो बरोबर लागतो आणि वस्तूंना विसरला जातो. कारण उघड आहे: आपण रामाला बघतो, पण चहा पितो, चहाला पीत नाही. हे समजावून सांगितलं की पुढच्या आठवड्यात निम्म्या चुका जातात. युरोपात लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकात ही सूचना कशी असणार?

आणि मग शब्द जोडायचा खेळ. साना म्हणजे निरोगी. माल्साना, आजारी. माल्सानुलो, आजारी माणूस. माल्सानुलेयो, आजारी माणसांची जागा, म्हणजे दवाखाना. ‘एयो’ हाती लागला की मुलं थांबत नाहीत: लेर्नी म्हणजे शिकणं, लेर्नेयो शाळा; कुइरी म्हणजे शिजवणं, कुइरेयो स्वयंपाकघर. एका मुलीनं पोह्यांच्या दुकानासाठी स्वतःच शब्द घडवला आणि तो ब्राझीलमधल्या माझ्या पत्रमैत्रिणीला कळवला. तिला पोहे म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण शब्दाचा शेवट बघून ही कसलीतरी जागा आहे हे तिला कळलं. मग तिनं विचारलं, तिथं काय मिळतं? एवढ्यावर दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला.

पण मला सांगायचंय ते काकांबद्दल. रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. ते पहिल्यांदा आले तेव्हा दारातच म्हणाले, ‘ताई, मला जगाचं काही बदलायचं नाही हं. वेळ जात नाही म्हणून आलोय.’ मी म्हटलं, ‘काका, बसा. चहा घ्या.’ रेल्वे कामगारांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय एस्पेरांतो महासंघ आहे हे कळल्यावर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग बल्गेरियातल्या एका निवृत्त रेल्वेवाल्याशी त्यांचा पत्रव्यवहार जुळला. काकांचा जीव पाताळपाणी–कालाकुंडच्या घाटात अडकलेला. मीटर गेज, चाळीसाला एक असा चढ, बोगदे, खाली दरी, कालाकुंड स्टेशनावर पानात मिळणारा कलाकंद. २०१८ पासून त्या तुकड्यावर पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी धावू लागली, पण काकांनी ती लाईन रोजच्या गाड्यांची बघितलेली. बल्गेरियातल्या त्या गृहस्थांकडे सेप्तेम्वरीहून दोब्रिनिश्तेला जाणारी ७६० मिलिमीटरची नॅरो गेज, १२५ किलोमीटरची, डोंगरातून वळसे घेत चढणारी. तिच्यावरचं आव्रामोवो स्टेशन १२६७ मीटरवर, बाल्कन प्रदेशातलं सगळ्यात उंच. दोघांना बोलायला दुसरं काय पाहिजे!

काकांनी त्यांना लिहिलं की आमची खांडवा–इंदूर लाईन होऊ शकली ती तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं म्हणून. हे एस्पेरांतोत लिहायला त्यांना दोन रविवार लागले. ‘कर्ज’ शोधायचं, ‘चढ’ शोधायचा, ‘रूळ’ शोधायचा. उत्तर आलं त्यात प्रश्नच प्रश्न: राजानं कर्ज का दिलं, व्याज किती, इंजिन कुठलं? काका राजवाड्याजवळच्या जुन्या दुकानांत, वाचनालयात, मित्रांकडे माहिती शोधत फिरू लागले. ज्या शहरात सारा जन्म काढला त्याच्याबद्दल कुणीतरी दुरून विचारतंय, तेही मनापासून, या गोष्टीनं ते बदलून गेले. त्यांची सून मला म्हणाली, ‘मावशी, बाबा आता सकाळी लवकर उठतात.’

काकांना विश्वशांतीचं भाषण ऐकवलं असतं तर ते दारातूनच परत गेले असते. आज त्यांच्या बोलण्यात बल्गेरियाचं नाव आलं की ते एखाद्या ओळखीच्या गावाचं नाव घ्यावं तसं घेतात. झामेनहॉफ यांना जे हवं होतं ते याहून फार वेगळं होतं असं मला वाटत नाही.

भाषेचा प्रसार कसा होतो याचे धडे घ्यायला इंदूरकरांनी दूर जायला नको. १९१८ साली हिंदी साहित्य संमेलन इंदुरात भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. दक्षिणेत हिंदी नेण्याचं काम इथून सुरू झालं आणि त्यांचा मुलगा देवदास शिकवायला मद्रासला गेला. पुढे दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेनं जे केलं ते मला भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं: पायरीपायरीच्या परीक्षा. प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा, आणि वर प्रवीणपर्यंत. छोटी पुस्तकं, सोयीच्या वेळचे वर्ग, शेवटी प्रमाणपत्र. नोकरी न करणाऱ्या असंख्य बायकांनी त्या परीक्षा दिल्या. भाषेच्या राजकारणाचं पुढे काय झालं तो वेगळा विषय. मी फक्त पायऱ्यांबद्दल बोलते आहे. हंगेरीत बरीच वर्षं पदवी मिळवायला परक्या भाषेची परीक्षा द्यावी लागे, त्यात एस्पेरांतो मान्य होती, आणि हजारो विद्यार्थ्यांनी तीच निवडली. त्यांतल्या सगळ्यांनी पुढे ती वापरली नसेल. पण ज्या देशात हजारो साध्या मुलांनी एखादी गोष्ट केली, तिथं ती विक्षिप्त राहत नाही. आपल्याकडे लोक प्रमाणपत्रासाठी शिकतात याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. ज्याला दिवसभर दुकान किंवा घर सांभाळायचं आहे, त्याला आपण कुठवर आलो हे कळण्याचा हक्क आहे.

कधी कधी कुणी सुचवतं की मोठी नावं सांगत जा. विनोबा एस्पेरांतो शिकले होते हे सांगितलं तर इंदुरात वजन पडेल. १९६० साली विनोबा इथं मुक्कामाला होते, नवलख्याजवळचा विसर्जन आश्रम त्यांच्याच प्रेरणेचा, जुन्या लोकांना ते दिवस आठवतात. हे सांगितलं की खरंच माना डोलतात. पण विनोबांना किती भाषा येत होत्या हेही सगळ्यांना माहीत असतं. ‘ते विनोबा होते, आम्ही कुठले!’ असं म्हणून माणूस उलट जास्त लांब जातो. काकूंनी तक्ता ओळखला ही हकिकत मी सांगते तेव्हा मात्र लोक विचारतात, ‘कुठे असतो हा वर्ग?’

इंग्रजीशी भांडण नको, हेही मी पक्कं ठरवलं आहे. भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये पोटासाठी इंग्रजी घोटणाऱ्या मुलाला आपण इंग्रजीचा अन्याय समजावून सांगू लागलो तर तो का ऐकेल? त्याला इंग्रजी हवी आहे आणि ती त्याला मिळाली पाहिजे. एस्पेरांतो त्याच्या रविवारसाठी आहे. तसंच, ही भाषा सगळ्या जगाला सारखीच जवळची आहे असंही मी म्हणत नाही. शब्द बहुतेक युरोपातले आहेत, इटालियन माणसाला ती आपल्यापेक्षा लवकर येणार. हे आधीच सांगितलं की विश्वास बसतो. मग मी पुढे सांगते की तरीही जपानी, चिनी, कोरियन, व्हिएतनामी माणसांनी ती आपली मानली, बीजिंगला १९८६ आणि २००४ साली जागतिक संमेलनं भरली, हनोईला २०१२ साली, आणि २०२४ साली टांझानियात अरुशाला, आफ्रिकेत पहिल्यांदाच. शेजारच्या नेपाळमध्येही एस्पेरांतोवाल्यांची नांदती मंडळी आहेत. आपणच तेवढे बाहेर उभे आहोत.

या गणपतीत मंडळानं आम्हाला एक संध्याकाळ दिली आहे. भाषण होणार नाही. टेबलावर चहा, भिंतीवर काकूंचा पुठ्ठा, आणि एका फायलीत पत्रमित्र हवे असलेल्या माणसांची माहिती, देश आणि आवडीनिवडींसकट, त्यांना विचारून घेतलेली. काका आव्रामोवोचे फोटो आणि घाटातली आपली जुनी छायाचित्रं शेजारी शेजारी लावणार आहेत. ज्याला जावंसं वाटेल त्यानं एक वाक्य शिकून जावं, ज्याला थांबावंसं वाटेल त्यानं एक नाव घेऊन पहिलं पत्र तिथंच लिहायला बसावं. मदतीला आम्ही आहोतच.

फलकावरून मात्र आमच्यात मतभेद झाले. काकूंचं म्हणणं, वर ‘परदेशी पत्रमैत्री’ लिहा, एस्पेरांतो हा शब्द वाचून लोक बिचकतात, आत आले की सांगू. वर्गातल्या दोघांनाही ते पटलं होतं. मला पटलं नाही. माणसाला आपण कुठे येतो आहोत हे दारातच कळलं पाहिजे, आणि ज्या नावासाठी लोक छावण्यांत गेले ते नाव आपण गणपतीच्या मांडवात लपवायचं हे माझ्यानं होणार नाही. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी काकाच उठले, रंगाचा डबा उघडला आणि ‘एस्पेरांतो’ हा शब्द फलकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवला. पत्रमैत्री, वेळ, आणि चहाची सोय आहे ही सूचना त्याच्या खाली लिहिली आहे.